तलाव जिवंत केला. पुढची वीस वर्षं बघणार कोण?

तलाव पुनरुज्जीवनाच्या अहवालात दोन फोटो हमखास शेजारी शेजारी छापलेले असतात. ‘आधी’चा फोटो मे महिन्यातला: भेगाळलेला तळ, बेशरमाच्या झुडपांचं रान, एखादी हाडकुळी गाय. ‘नंतर’चा सप्टेंबरातला: काठोकाठ पाणी, कमळं, बगळे. आता सप्टेंबरात पूर्व विदर्भातला कुठलाही तलाव देखणाच दिसतो, त्यावर एक रुपया खर्च केलेला नसला तरी. काम टिकलं का, हे सांगणारा फोटो तिसरा. तो त्याच जागेवरून, त्याच महिन्यात, दहा वर्षांनी काढलेला हवा. तो सहसा कोणाकडे नसतो. तोवर प्रकल्प संपलेला असतो, साहेबांची बदली झालेली असते आणि पहिला फोटो नेमका कुठे उभं राहून काढला होता, हे सांगणारा माणूसही सापडत नाही.

बिघडलेला अधिवास सुधारायचा कसा, याबद्दल भरपूर लिहिलं जातं, मग तो तलाव असो, माळरान असो की खारफुटी. सुधारल्यानंतर त्यावर नजर कशी ठेवायची आणि डागडुजी कोणी, कधी, कुठल्या पैशातून करायची, हा विषय मात्र शेवटच्या पानावर दोन ओळींत उरकतात. इथे त्या दोन ओळीच उलगडून बघू. उदाहरणाला भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव घेतो, कारण तिथे निसर्ग, पोट आणि सरकारी कागद या तिन्हींची गाठ एकाच पाण्यात पडते.

मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजानं यातले कित्येक बांधले, पुढे मालगुजारांनी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, सांभाळले. १९५०-५१मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. तेव्हापासून पाणी धानवाल्यांचं, मासे ठेका घेणाऱ्या मच्छीमार संस्थेचे, पाळ (मातीचा बांध) खात्याची, आणि उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ कोणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा. देखभालीची अडचण इथून सुरू होते.

या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी ढिवर या मच्छीमार समाजाला सोबत घेऊन जे काम उभं केलं, त्याची पद्धत ऐकायला सोपी आहे. बेशरम मुळासकट उपटायचं. उन्हाळ्यात कोरडा पडलेला तळ नांगरायचा, म्हणजे माती भुसभुशीत होऊन रोपांची मुळं धरतील. पहिला पाऊस पडून थोडं पाणी साचलं की दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावायच्या. काही पूर्ण पाण्याखाली राहणाऱ्या, काही तळाशी मुळं आणि पृष्ठभागावर पानं असणाऱ्या, काही काठाच्या उथळ पाण्यात उभ्या वाढणाऱ्या. कुठली वनस्पती किती खोलीवर जगते आणि कुठल्या माशाला ती लागते, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. म्हणून हे काम वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातून सुरू झालं नाही, जाळं टाकणाऱ्यांच्या सांगण्यावरून सुरू झालं.

पाणवनस्पतींचा एवढा आग्रह का, हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना वाहती नदी लागते. त्यामुळे मच्छीमार संस्थेला दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, विकत आणावी लागते. मरळ, शिंगी, मागूर यांच्यासारखे देशी मासे तलावातच वाढतात आणि तिथेच पिल्लं काढतात. मरळ तर पिल्लांच्या थव्याची राखण करते. पण त्यांना आडोसा हवा. अंडी चिकटवायला, पिल्लं लपवायला, कीटक खायला गवताळ, दाट उथळ पाणी हवं. तलावातली हिरवळ गेली की हे मासे जातात आणि संस्था बोटुकलीच्या बिलावर जगायला लागते.

तर समजा, काम झालं. वनस्पती धरल्या. आता पुढे काय होतं?

पहिली पाच वर्षं

पहिल्या वर्षी सगळं छान असतं. दुसऱ्या वर्षी बेशरम परत येतं. त्याच्या खोडाचा हातभर तुकडा चिखलात पडला तरी फुटतो, शिवाय तळात बी पडलेलं असतंच. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, आणि शेळ्यांनी खाल्लंच तर त्यांना ते बाधतं. उपटलेलं बेशरम तलावाच्या पोटातच ढीग करून ठेवलं असेल, तर पहिल्या पावसात ते पाण्यावर तरंगत जाऊन दहा नव्या जागी रुजतं. ते पाळीच्या बाहेर नेऊन कडक उन्हात वाळवायचं, एवढी साधी गोष्ट मजुरी मोजताना विसरली जाते. कारण अंदाजपत्रकात ‘उपटणे’ असतं, ‘वाहून नेणे’ नसतं.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी माशांचा प्रश्न येतो. संस्थेची कार्यकारिणी बदलते. नवे लोक स्वस्तात मिळालेली बोटुकली आणतात, त्यात गवत्या, म्हणजे ग्रास कार्प मासा, असतो. गवत्या दिवसाला स्वतःच्या वजनाइतकी वनस्पती फस्त करू शकतो, आणि त्याला पहिल्यांदा आवडतात त्या नेमक्या पाण्याखालच्या मऊ वनस्पती, ज्या तुम्ही गुडघाभर चिखलात उभं राहून लावलेल्या असतात. त्यातल्या त्यात दिलासा असा, की गवत्यालाही साचलेल्या पाण्यात प्रजनन जमत नाही. बीज टाकणं थांबवलं आणि आहेत ते पकडले, तर काही वर्षांत तो संपतो. सायप्रिनसचं, म्हणजे कॉमन कार्प माशाचं, तसं नाही. तो तलावातच अंडी घालतो, तळ उकरतो, पाणी गढूळ करतो आणि एकदा शिरला की कायमचा राहतो. म्हणून बोटुकलीचं पिंप तलावात रिकामं करण्याआधी त्यात काय आहे, ते दोन जाणत्यांनी बघणं ही देखभालच आहे, आणि सगळ्यात स्वस्त देखभाल आहे.

पाचव्या वर्षाच्या आसपास पोकलेन येतं. २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ काढून शेतात टाकायला सरकारचं पाठबळ आहे. योजनेचा हेतू चांगला आहे, शेतकऱ्याला सुपीक माती मिळते, तलावात पाणी जास्त मावतं. पण पोकलेनवाल्याला घनमीटरवर पैसे मिळतात, आणि घनमीटर भरायचे तर खड्डा खोल आणि कडा उभ्या. मामा तलावाची जान त्याच्या उतरत्या उथळ काठात असते. तिथल्या वरच्या वीतभर गाळात कंद आणि बिया असतात. तो थर खरवडून शेतात गेला की चार वर्षांचं काम ट्रॉलीत बसून गेलं असं समजा. गाळ काढूच नये असं माझं म्हणणं नाही. खोल भागातला काढावा, उथळ काठ सोडावा, आणि सगळा तलाव एकाच उन्हाळ्यात खणू नये. पण हे सांगायला त्या दिवशी, त्या वेळी पाळीवर माणूस हवा. अहवालात लिहिलेलं पोकलेनच्या ड्रायव्हरपर्यंत पोचत नाही.

यातला एकही धोका पहिल्या वर्षीच्या पाहणीत दिसला नसता. म्हणून नजर दीर्घकाळ ठेवायची.

काय मोजायचं

देखरेख म्हटलं की लोक दोन टोकांना जातात. एक तर काहीच मोजत नाहीत, किंवा पाण्याचे बावीस घटक प्रयोगशाळेत तपासून आणतात. ते बावीस आकडे एकदाच येतात आणि त्यांचं काय करायचं हे कोणालाच माहीत नसतं. माझा साधा नियम आहे. एखादा आकडा घसरला तर आपण काय वेगळं करणार, याचं उत्तर आधी देता येत नसेल, तर तो आकडा मोजायला जाऊ नये.

मामा तलावासाठी चार-पाच गोष्टी पुरतात. कुठल्या वनस्पती किती जागेवर आहेत. पाणी किती महिने, किती खोल टिकतं. पाणी किती स्वच्छ आहे. मासळी कुठली, किती मेहनतीला किती मिळते. आणि बेशरम, पाणकणीस यांच्यासारखं काही पसरतंय का. पक्षी मोजता आले तर उत्तम.

वनस्पती मोजण्याचं काम जवळून बघण्यासारखं आहे. पाळीवरच्या एका ठरलेल्या खुणेपासून समोरच्या उथळ काठापर्यंत दोरी ताणतात. दोरीला दर पाच मीटरवर गाठ. प्रत्येक गाठीपाशी बांबूची किंवा पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट पाण्यावर ठेवायची. चौकटीच्या आत कुठल्या वनस्पती दिसतात, त्या किती जागा व्यापतात आणि काठीवर पाण्याची खोली किती भरते, हे एकानं मोठ्यानं सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. अशा तीन-चार दोऱ्या घातल्या की एका तलावाचं काम सकाळच्या वेळात होतं. खूण म्हणून तळात खांब रोवू नये, तो उन्हाळ्यात चुलीत जातो. तुडुमाचा दगड किंवा पाळीवरचा मोहाचं जुनं झाड बरं. तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायची जुनी व्यवस्था, ती जागा सहसा हलत नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी शिकलेल्या लोकांना उशिरा कळते. ‘चौकटीत ३५ टक्के वनस्पती’ असं एक जण लिहितो, त्याच चौकटीला दुसरा ५० म्हणतो. दोघांच्या नजरेत एवढा फरक असेल, तर पुढच्या वर्षी आकडा दहानं घसरला याला काय अर्थ? त्यापेक्षा नाही, जराशी, पाव, निम्मी, पाऊण, भरून एवढे सहाच प्रकार ठेवले की चूक कमी होते. पाव आणि पाऊण यांत गावात कोणाचा गोंधळ होत नाही. पहिल्या वर्षी दोन जणांनी एकाच चौकटीकडे स्वतंत्रपणे बघून लिहायचं आणि मग ताडून पाहायचं. नजर जुळली की काम एकट्यादुकट्यावर सोपवता येतं.

दुसरी बारीक गोष्ट शून्याची. एखादी वनस्पती शोधली आणि सापडली नाही, तर ० लिहायचं. शोधलीच नाही, तर रकान्यात फुली मारायची. रिकामा रकाना दहा वर्षांनी वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. वनस्पती नाहीशी झाली की त्या दिवशी पाऊस आला म्हणून माणसं घरी गेली? अनेक जुन्या नोंदी याच एका कारणानं निरुपयोगी झालेल्या असतात.

पाण्याच्या स्वच्छतेसाठी यंत्र लागत नाही. काळे-पांढरे चतकोर रंगवलेली एक थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. १८६५ साली आंजेलो सेकी या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञानं पोपच्या जहाजावरून ही युक्ती भूमध्य समुद्रात वापरली आणि आजही जगभर ती चालते. जुन्या स्टीलच्या ताटलीला रंग दिला तरी भागतं.

मासळीची नोंद सगळ्यात जास्त फसवते. संस्थेच्या वहीत एकूण किलो असतात, आणि एकूण किलो वाढले की सगळे खूश. आता एक काल्पनिक हिशेब करून बघा. पहिल्या वर्षी २० वेळा जाळं टाकून ४० किलो मरळ मिळाली, म्हणजे जाळ्यामागे २ किलो. तिसऱ्या वर्षी ६० वेळा जाळं टाकून ६० किलो मिळाली, म्हणजे जाळ्यामागे १ किलो. वहीत मासळी दीडपट झाली, तलावात बहुधा निम्मी उरली. म्हणून किलोच्या शेजारी ‘किती जाळी, किती रात्री’ हा रकाना असलाच पाहिजे. आणि देशी मासे वेगळे, विकत आणून टाकलेले वेगळे लिहायचे. विकतचे रोहू-कटला किती निघाले यावरून तलावाची तब्येत कळत नाही, पिशवीतून किती सोडले होते एवढंच कळतं.

शेजारचा तलाव

आपला तलाव सुधारला हे कशावरून ठरवायचं? ‘आधीपेक्षा’ हे एक उत्तर झालं, आणि त्यासाठी काम सुरू करण्याआधीची नोंद लागते. ती बहुतेकांकडे नसते, कारण मंजुरी मार्चमध्ये येते आणि रोपं जूनमध्ये लावायची असतात. मग निदान म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून घ्यावं: तुमच्या लहानपणी देवधान (जंगली भात) कुठवर होतं, कमळकंद कुठे खणायचे, कुठला मासा आता दिसत नाही. ही माहिती ऐकीव म्हणून बाजूला टाकू नये. तीन वेगवेगळ्या घरांतून तेच उत्तर आलं तर ते भरवशाचं धरायला हरकत नाही. आणि हे प्रश्न बायकांनाही विचारायचे. कंद, भाजी, झिंगे यांची माहिती पुरुषांना अर्धीच असते.

पण ‘आधीपेक्षा’ एवढं पुरत नाही. पाऊस दांडगा झाला की सगळेच तलाव सुधारतात, दुष्काळ पडला की सगळेच उतरतात. म्हणून दोन तलाव सोबत मोजायचे. एक काहीच काम न केलेला, साधारण तेवढाच, त्याच खोऱ्यातला. दुसरा अजून चांगल्या अवस्थेत टिकलेला, जिथून रोपं आणली तोच बरा. दुष्काळात आपला तलाव खाली गेला पण काम न केलेल्यापेक्षा कमी गेला, तर काम टिकलंय. चांगल्या पावसात आपला सुधारला पण शेजारचाही तेवढाच सुधारला, तर श्रेय पावसाचं. हे तीन तलाव एकाच आठवड्यात मोजले नाहीत तर तुलना गेली.

सारसाची गणना याच शिस्तीचं चांगलं उदाहरण आहे. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत, तेही काही डझनच. गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था स्थानिक स्वयंसेवकांसोबत वर्षानुवर्षं, सीमेपलीकडचा मध्य प्रदेशातला बालाघाट धरून, उन्हाळ्याच्या शेवटी ही गणना करते. वर्ष न चुकवता, त्याच पद्धतीनं मोजल्यामुळेच आकडा कधी वाढला आणि कधी घसरला हे ठामपणे म्हणता येतं. सारसाचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून हाती घेतला, तेव्हा बोलायला आकडे होते. आकडे नसते तर ‘सारस कमी होतायत हो’ एवढंच राहिलं असतं.

आकडा घसरला, आता?

नोंदी ठेवणारे बरेच निघतात. नोंदी बघून काम बदलणारे फार थोडे. यावर उपाय एकच, सुरुवातीलाच ठरवून ठेवायचं आणि संस्थेच्या ठरावात लिहून घ्यायचं. उदाहरणार्थ: पाण्याखालच्या वनस्पती ‘निम्मी’वरून सलग दोन वर्षं ‘पाव’वर आल्या, तर पुढच्या वर्षी गवत्याचं बीज बंद आणि उथळ भागात फेरलागवड. बेशरमाची नवी झुडपं दोरीवरच्या दोन चौकटींत दिसली, तर त्याच उन्हाळ्यात एक दिवसाचं श्रमदान, मंजुरीची वाट न बघता. जाळ्यामागची मरळ तिसऱ्या भागानं घटली, तर पावसाळ्याच्या सुरुवातीचे दोन महिने उथळ काठाला जाळं बंद. यातला प्रत्येक आकडा गावानं आपल्या तलावाला बघून ठरवायचा, हे फक्त नमुने आहेत. महत्त्वाचं हे की आकडा, काम आणि करणारा माणूस तिन्ही आधीच लिहिलेले हवेत. घसरण झाल्यावर बैठक बोलावली की चर्चा कारणांवर सुरू होते आणि पावसावर संपते.

एक उलटा प्रश्नही येतो. लावलेली वनस्पतीच फार माजली तर? कमळानं सगळा तलाव झाकला, किंवा हायड्रिला या पाण्याखालच्या वनस्पतीनं होडी चालेना, तर ते यश म्हणायचं का? नाही म्हणायचं. एकाच वनस्पतीनं तलाव भरला की खालचं पाणी अंधारतं, कुजणाऱ्या पानांमुळे रात्री प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. मोकळं पाणी आणि झाकलेलं पाणी दोन्ही हवं. म्हणजे उपटणं हेही देखभालीत येतं, अगदी स्वतः लावलेलं उपटणंसुद्धा. लागवडीचं बक्षीस मिळालेल्या माणसांना हे जड जातं.

माणसामाणसांतले तंटेही नोंदीत यायला हवेत, कारण तलाव बहुतेक वेळा तिथेच बिघडतो. दिवाळीच्या आधी धानाला शेवटचं पाणी हवं असतं, तेव्हा बांधीवाले तुडूम उघडा म्हणतात आणि ढिवर नको म्हणतात. शिंगाड्याचं पीक घेणाऱ्याला बाकीच्या वनस्पती म्हणजे तण, त्यावर तो फवारणी करतो. कुठल्या वर्षी पाणी कधी सोडलं, तळाला किती ठेवलं, ठेका कोणाला कितीला गेला, शिंगाडा कुठे होता, हे चार ओळींत दरवर्षी लिहिलं तर वनस्पतींच्या तक्त्यातला निम्मा गोंधळ आपोआप उलगडतो.

पैसा

आता पैशाचं. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या (सीएसआर) नियमांत २०२१च्या दुरुस्तीनं बहुवर्षीय प्रकल्पाची व्याख्या आली: सुरू झालं ते आर्थिक वर्ष सोडून पुढे जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे धरून चार. सरकारी रोपवनांतही राखणीचा पैसा मोजकीच वर्षं येतो. आणि वर बघितलं तसं, पोकलेन पाचव्या वर्षी येतं. निसर्गाला वेळ लागतो हे सगळ्यांना मान्य असतं, पण चेकबुकाला ते कोणी सांगत नाही.

याला एक-दोन वाटा आहेत. मोठा खर्च, म्हणजे नांगरणी, लागवड, पहिली बेशरम-काढणी, बाहेरच्या पैशातून करावा. पाळीची माती आणि पाटाची सफाई शक्य तिथे रोहयोतून. पण दरवर्षीचं मोजणं आणि किरकोळ उपटणं तलावाच्याच उत्पन्नातून निघालं पाहिजे, मग ते मासळीच्या विक्रीतले शेकडा एक-दोन रुपये का असेनात. हे गरिबाच्या खिशात हात घालणं आहे, असा आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. पण बाहेरचा पैसा थांबला की बाहेरच्या पैशावर चालणारी नोंद त्याच महिन्यात थांबते, हेही खरंच आहे. मोजणाऱ्याला मजुरी मिळाली पाहिजे. ‘स्वयंसेवा’ शब्दाखाली बायकांचा अख्खा दिवस फुकट घेणाऱ्या प्रकल्पांची नोंदवही तिसऱ्या वर्षी कोरी असते.

मोठ्या सरकारी यंत्रणेला तरी ही चिंता नसेल असं वाटतं, पण चिलिका बघा. ओडिशातलं हे सरोवर गाळानं समुद्रापासून तुटत चाललं होतं, खारेपणा घटला, गोड्या पाण्यातलं तण पसरलं, मासळी उतरली. रामसर कराराच्या धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत ते १९९३ साली गेलं. सप्टेंबर २०००मध्ये समुद्राकडे नवं मुख खोदलं, सरोवर सावरलं आणि २००२ साली त्या यादीतून बाहेर पडलं. आशियातलं ते पहिलंच. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण समुद्र वाळू आणत राहतो, मुख सरकत राहतं, बुजत राहतं, कोळंबीचे बेकायदा घेर पुन्हा उभे राहतात. तिथलं प्राधिकरण आजही क्षारता मोजतं, दरवर्षी इरावती डॉल्फिन मोजतं, आणि २०१२ साली त्यांनी सरोवराची चक्क गुणपत्रिका काढली, भागाभागाला श्रेणी देऊन. गुणपत्रिकेची कल्पना मला फार आवडते. ती मच्छीमारालाही वाचता येते आणि मंत्र्यालाही, आणि खाली घसरलेल्या श्रेणीचं समर्थन करणं कठीण असतं.

वही कोणाच्या घरी

नोंदी कोणाकडे राहाव्यात, हा प्रश्न किरकोळ वाटतो. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे, त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. कित्येक वर्षं काही हललं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि देशभर नोंदवह्यांचा पूर आला. त्यातल्या बऱ्याच बाहेरच्या एजन्सींनी भराभर भरल्या आणि त्या कपाटात गेल्या. कागदावर मात्र ही तलावाच्या नोंदीसाठी आयती जागा आहे, कायद्याचा आधार असलेली. वर्षातून एकदा मोजणीचा तक्ता त्या नोंदवहीत चिकटवून ग्रामसभेत वाचून दाखवला, तर पोकलेन आलं तेव्हा हातात काहीतरी असतं.

मूळ वही मात्र गावातच, मोजणाऱ्यांकडे. एक प्रत संस्थेच्या कार्यालयात, एक फोटो काढून दोन-तीन फोनमध्ये. पहिल्या पानावर दोऱ्यांच्या खुणा, त्या खुणांचे फोटो, कुठल्या आठवड्यात मोजायचं ते, आणि वनस्पतींची नावं, प्रत्येक नावापुढे वाळवून चिकटवलेला नमुना. हे शेवटचं सोडू नका. एकाच वनस्पतीला दहा किलोमीटरवर दुसरं नाव असतं, आणि लग्न होऊन गावात आलेली नवी मुलगी मोजायला लागली की ती माहेरचं नाव लिहिते.

किती वर्षं मोजायचं? पहिली तीन वर्षं पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याआधी अशी दोनदा. मग पाच-सहा वर्षं वर्षातून एकदा. तोवर तलावाचा स्वभाव कळलेला असतो, आणि दोऱ्यांची मोजणी दर तीन वर्षांनी केली तरी चालते. फोटो मात्र दरवर्षी, त्याच खुणेवरून, एक मे महिन्यात आणि एक ऑक्टोबरात. जाळ्यांची वही कधीच थांबवायची नाही, ती रोजच्या विक्रीच्या हिशेबातच बसवून टाकायची. तीन-चार रकाने जास्तीचे, बाकी संस्थेची नेहमीची वही. नवीन कार्यकारिणी आली की चार्ज देताना शिक्का, पासबुक आणि ठेक्याच्या कराराबरोबर ही वहीही सही घेऊन द्यायची, आणि बोटुकलीची पुढची ऑर्डर त्या सहीनंतरच काढायची.